साबुदाण्याचं माहेर

या, असे जरा पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या, भिंत कुठे पळून जात नाही. कीर्तनाला येऊन दाराशी बसायचं म्हणजे जेवायला येऊन हात न धुण्यासारखं झालं. हं, आता बरं. आजचं आख्यान कुठल्या पुराणातलं नाही, माझ्याच अंगावर आलेलं आहे. त्यात घोर अरण्य आहे, पाषाणाची प्राचीन मंदिरं आहेत, धबधबा आहे, एक पिवळी छत्री आहे आणि तीन किलो साबुदाणा आहे. नायक साबुदाणाच. मी आपला त्याचा हमाल.

आम्ही राहतो जर्मनीत, एर्लांगेनला. मी एका कंपनीत एक्स-रे यंत्रांचे सांधे डिझाइन करतो, म्हणजे यंत्राचा हात पेशंटच्या नाकावर न आपटता कसा वळेल ते बघतो. हे झालं पोटासाठी. जिवासाठी शुक्रवार. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चार-पाच मराठी कुटुंबं जमतात, पुण्याहून आणलेल्या सीडीवर एखाद्या बुवांचं कीर्तन लागतं आणि बुवा नामघोषाला आले की मी टाळ धरतो. बुवा डबीतले, पण टाळ खरा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमची ही, प्रभा, पाहुण्यांना ‘हे सीडीच्या साथीला असतात’ असं सांगते.

खालच्या मजल्यावर हाइडेकर नावाचं वयस्क जोडपं होतं. जर्मन माणसाला शेजाऱ्याचं काही खुपलं तर तो भांडायला वर येत नाही. तो झाडूचा दांडा घेतो आणि छताला ठोकतो. आमचा नामघोष रंगात आला की खालून ओटो हाइडेकरांचा दांडा यायचा. ठक्. विठ्ठल विठ्ठल, ठक्. बरं, घड्याळात नऊसुद्धा वाजलेले नसायचे, म्हणजे नियम आमच्या बाजूने. पण मला खरं झोंबायचं ते वेगळंच. ती ठक् समेवर कधी पडली नाही. नेहमी समेच्या किंचित मागून. अहो, राग आला तर यावा, माणूस आहे. पण निदान तालात यावा की नाही?

जिन्यात भेट झाली की मी ‘गुटन टाग, हेर हाइडेकर’ म्हणायचो. ते टोपीला हात लावून नुसतंच ‘टाग’ म्हणायचे. संबंध संपला. शुक्रवारी पुन्हा ठक्.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत ओटो गेले. पुढच्या शुक्रवारी आम्ही कीर्तन ठेवलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ठेवलं, आवाज बारीक करून. नामघोष झाला, सम आली, खालून काहीच आलं नाही, आणि माझा टाळ मध्येच थांबला.

“अहो, काय झालं?” प्रभाने विचारलं.

“काही नाही. हात दुखतोय.”

सप्टेंबरात ओटोंच्या पत्नी, फ्राऊ हाइडेकर, स्वतः वर आल्या. हातात आलुबुखाराचा केक. बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरीपुढच्या, ताठ. गुडघा तेवढा वाकडा बोलायचा. बसल्या आणि म्हणाल्या, “हेर खांबेटे, मला मदत हवी आहे. हो म्हणालात तरी केक ठेवून जाईन, नाही म्हणालात तरी ठेवून जाईन.”

हकिगत अशी की ओटो आणि त्यांनी एका सहलगटात नाव घातलं होतं. मेक्सिकोतल्या जंगलातून माया लोकांची प्राचीन मंदिरं आणि धबधबे. ओटोंनी त्या धबधब्याचं चित्र कधीतरी तरुणपणी पाहिलेलं. पाण्याच्या पडद्यामागे शिरून उभं राहता येतं असा तो धबधबा. आयुष्यभर ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहिले. एक नोव्हेंबरला जर्मन लोकांचा आलेरहायलिगन, त्या दिवशी हे लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर लाल काचेतला दिवा लावतात. फ्राऊ हाइडेकरांना ओटोंचा दिवा यंदा त्या पडद्यामागे लावायचा होता.

“पण माझा गुडघा आहे,” त्या म्हणाल्या. “आणि गटातल्या अनोळखी माणसाचा हात धरायला मला आवडत नाही. तुम्ही दोघं निदान ओळखीच्या आवाजाचे आहात.”

मी म्हटलं, “आल्झो, फ्राऊ हाइडेकर, मला जरा कॅलेंडर बघून...”

“येणार,” प्रभा म्हणाली.

कॅलेंडर मी मागाहून पाहिलं. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात एक नोव्हेंबरच्या चौकटीत लिहिलं होतं: कार्तिकी एकादशी.

इथून साबुदाण्याचा प्रवेश.

आमच्या मंडळींत शरदचंद्र म्हणून एक सर्वज्ञ आहेत. स्वतः कोलोनच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण जगाचा नकाशा तोंडपाठ. ते म्हणाले, “वासुदेवराव, तिकडे सगळं मक्याचं. सकाळी मका, दुपारी मका. माणूससुद्धा देवाने मक्याच्या पिठाचा केला असं ते मानतात. एकादशीला तुम्ही खाणार काय?”

त्यांच्या सौ. सुरेखावहिनी म्हणाल्या, “आणि जंगलात अडकलात तर? साबुदाणा न्या भावजी. भरपूर न्या. साबुदाण्याने कधी कुणाचा घात केलेला नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

प्रभा म्हणाली, “एक दिवस केळी खा. केळ्यांचाच मुलूख आहे तो.”

“कार्तिकी एकादशीला केळी? अगं, चार महिने झोपलेला देव उठतो त्या दिवशी.”

“देव उठेल हो. खिचडी त्याला लागते की तुम्हाला?”

अशा प्रश्नांना शास्त्रात उत्तर नाही. मी तीन किलो साबुदाणा, दाण्याचं कूट, दाण्याचे लाडू आणि एकादशी म्हणून टाळही बांधून घेतला. मुलगी अन्वी येना विद्यापीठात शिकते. तिला फोनवर सगळं सांगितलं. तिला मराठी अक्षर न् अक्षर कळतं आणि उत्तर जर्मनमध्ये येतं. त्या उत्तराचा मथितार्थ ‘बाबांना आवरा’ असा होता.

व्हिसाच्या खिडकीवर तरुण अधिकारी होता. पासपोर्ट भारताचा, राहण्याचा परवाना जर्मनीचा, जायचं मेक्सिकोला. त्याने तिन्ही देश एकमेकांना लावून पाहिले आणि विचारलं, “कशासाठी जाताय?”

खोटं बोलणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, “शेजाऱ्याचा दिवा लावायला.”

त्याने हातातला शिक्का खाली ठेवला. मागून प्रभाने मला कोपराने बाजूला केलं. “पर्यटन,” ती म्हणाली. शिक्का बसला.

आमच्या गटाचे नेते हेर लुट्स. उंच, सडपातळ, आणि हातात घट्ट गुंडाळलेली पिवळी छत्री. ती वर धरली की गटाने जमायचं, खाली आली की निघायचं. पाऊस आला तरी ती उघडायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “ही छत्री नाही, हेर खांबेटे. ही खूण आहे.”

मेक्सिकोच्या विमानतळावर सगळा गट सुरळीत बाहेर पडला. माझी बॅग तेवढी थांबली. अधिकाऱ्याने चेन उघडली आणि आत, बिननावाच्या पारदर्शक पिशव्यांत, पांढऱ्याशुभ्र बारीक गोळ्या. तीन किलो. तो माझ्याकडे बघून हसला. फार वाईट हसला.

मला स्पॅनिश येत नाही. उपास खुणेने कसा सांगायचा? मी पोटावर हात ठेवून मान हलवली, आकाशाकडे बोट केलं, मग पिशवीकडे बोट केलं आणि हात जोडले. त्याने याचा अर्थ ‘पोटात काही नाही, देवाशपथ, सगळं पिशवीतच आहे’ असा लावला असावा, कारण आणखी दोघे आले. एकाने चिमूटभर साबुदाणा पेल्यात पाणी घेऊन टाकला. आता, आपला साबुदाणा भिजला की फुगतो. हा त्याचा सद्गुण आहे. घरी एरवी दगडासारखा राहतो म्हणून मी बोलणी खाल्लेली आहेत. त्या दिवशी मात्र तो असा टपोरा फुलला की तिन्ही अधिकारी पेल्याभोवती वाकून उभे राहिले. सुरेखावहिनींची मला फार आठवण झाली.

शेवटी त्यांचा पोट सुटलेला साहेब आला, त्याने एक दाणा बोटांत चेपला, चाखला, आणि मोठ्याने हसला. तोवर फ्राऊ हाइडेकर परत आत आल्या होत्या. सहलीसाठी म्हणून त्यांनी आणि ओटोंनी स्पॅनिशचे धडे घेतले होते. त्यांनी अर्थ सांगितला. “ते म्हणतात, हे तर तापिओका. त्यांची आई दुधात शिजवायची. ज्या कंदाचं हे करतात, तो याच बाजूच्या मुलखांतला आहे, इथल्या कुठल्याही बाजारात मिळतो. जर्मनीहून इथे का आणलात, असं विचारतात.”

मी काय सांगणार? समुद्रात मिठाचं पोतं घेऊन गेलेल्या माणसाने कुणाला काय सांगायचं?

साबुदाणा सुटला, पण गटाचं तिकीट एकत्र असल्यामुळे पुढचं विमान सगळ्यांचंच सुटलं. वेगळ्या अर्थाने. हेर लुट्स एक शब्द बोलले नाहीत. जर्मन माणूस वेळेबद्दल बोलत नाही तेव्हा पायाखालची फरशी गार पडते.

त्या रात्रीच्या जेवणावर हेर लुट्सनी जाहीर केलं की एक दिवस गेला, तेव्हा मंदिरं किंवा धबधबा, काहीतरी एक सोडावं लागेल. मग जर्मन रीतीने मतदान झालं. मंदिरांना हातांचं रान उभं राहिलं. धबधब्याला तीन हात: फ्राऊ हाइडेकर, प्रभा आणि मी. मी दोन्ही हात वर केले होते, पण हेर लुट्सनी एकच मोजला.

“माख्ट निष्ट्स,” फ्राऊ हाइडेकर म्हणाल्या. काही हरकत नाही. आणि टेबलावर काढून ठेवलेला तो लाल काचेचा दिवा त्यांनी रुमालात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला.

मंडळी, माणूस रडला असता तर सोसलं असतं. मी खोलीत येऊन साबुदाण्याच्या पिशव्यांकडे पाठ करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी मंदिरं पाहिली. काय सांगू! झाडांच्या हिरव्या गर्दीतून एकदम पायऱ्यांचे दगडी डोंगर उभे राहतात. वर वाफ, खाली ओल, आणि मधूनच वाघाच्या डरकाळ्या. मी प्रभाच्या मागे झालो. हेर लुट्स म्हणाले, ती माकडं आहेत. इतक्या आवाजात माकड असेल तर वाघाने काय करायचं, असं मला वाटलं, पण मी छत्रीमागे चालत राहिलो.

गट दणादण पायऱ्या चढू लागला आणि माझे पाय खालीच थांबले. देऊळ आहे. देव कुठला ते मला माहीत नसेल, त्याला तर माझ्या पायांत बूट आहेत ते माहीत आहे. मी बूट काढले, त्यांच्यावर लाडवांची पिशवी ठेवली, आणि आधी प्रदक्षिणा घालायला निघालो. तिथल्या मुंग्या फार धार्मिक नाहीत. अर्ध्या प्रदक्षिणेत मी नाचू लागलो होतो, आणि वरून अकरा जर्मन दुर्बिणीतून माझ्याकडे बघत होते.

परत आलो तर एक लांब नाकाचं, कडीकडीच्या शेपटीचं जनावर लाडवांची पिशवी ओढत होतं. पिशवीच्या बंदात बुटाची नाडी अडकलेली. मी ‘हाड हाड’ म्हटलं. त्याला मराठी येत नव्हतं. पिशवी, लाडू आणि उजवा बूट अरण्यात अंतर्धान पावले.

“वैकुंठाला गेला असेल,” प्रभा म्हणाली. एका पायाच्या नवऱ्याला असं बोलतात का?

बसमध्ये फ्राऊ हाइडेकरांनी बॅगेतून एक जोड काढला. जाड तळव्याचे, तपकिरी, पुरुषी बूट. “ओटोचे,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं दोघांची बॅग मीच भरली. या वेळी भरताना हात आपोआप गेला. मग मी ते बाहेर काढले नाहीत. म्हटलं, निदान बूट तरी येऊ देत.”

ओटोंचा पाय शेहेचाळीस नंबरचा, माझा एकेचाळीस. मी तीन जोड मोजे घातले. चाललो की आत माझा पाय आधी पोहोचायचा आणि बूट मागून पडायचा. ठक्.

एक नोव्हेंबर उजाडला. धबधबा वगळून बस थेट पुढच्या गावाला निघाली होती. मी पहाटे हॉटेलच्या किटलीत साबुदाणा शिजवायचा प्रयत्न केला होता. त्या किटलीबद्दल मी इथे बोलणार नाही. थोडक्यात, मी कडकडीत उपाशी होतो. आणि घाटात वळणावर बस थांबली. रस्त्यात भलंमोठं झाड आडवं. तोडायला माणसं येतील, दुपार होईल, असं ड्रायव्हर म्हणाला.

आणि रस्त्याच्या कडेला, वेलींत अर्धी बुडालेली एक पाटी होती. तिच्यावर पाण्याचं चित्र आणि जंगलात जाणारा बाण.

फ्राऊ हाइडेकरांनी ती पाटी पाहिली. मग त्या खिडकीतून दुसरीकडे बघू लागल्या.

मी उठलो. “फ्राऊ हाइडेकर, चला.”

हेर लुट्स आडवे आले. “हे कार्यक्रमात नाही. विम्यात बसत नाही. बाईंचा गुडघा बघा. आपण बसमध्ये थांबायचं.”

“नाइन,” मी म्हटलं.

जर्मनीत इतकी वर्षं काढली, कचरा चार डब्यांत वाटला, रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला उभा राहिलो, पण ‘नाइन’, म्हणजे ‘नाही’, हा शब्द मोठ्याने म्हणायची पहिलीच वेळ. माझं मलाच इतकं नवल वाटलं की मी आणखी एकदा म्हटलं. प्रभाने माझी बॅग उचलून माझ्या खांद्यावर दिली. साबुदाण्यासकट.

पायवाट ओली, मुळांनी भरलेली, वर सूर्य दिसत नाही. एका चढावर फ्राऊ हाइडेकर थांबल्या. चेहरा पांढरा. “तुम्ही दोघं जा,” त्या म्हणाल्या. “दिवा तुम्ही लावा. मी इथून ऐकते.”

आता मला डॉक्टरी येत नाही. मला एकच येतं. मी बॅगेतून टाळ काढला. म्हटलं, “बाई, गुडघ्याकडे बघू नका. नुसता ठेका ऐका. डावा, उजवा. विठ्ठल, विठ्ठल.” आणि हळू, अगदी विलंबित लय धरली. त्यांनी काठी टेकली. एक पाऊल. मग एक पाऊल. प्रभा आवाजात आवाज मिसळून पुढे, बाई मध्ये तिच्या खांद्यावर हात ठेवून, आणि मागे मी, ओटोंच्या बुटांत, पाय अर्धी मात्रा मागे.

जरा वेळाने मला वाटलं, रानात प्रतिध्वनी फार चांगला आहे. वळून पाहतो तर अख्खा गट मागे येत होता. बसमध्ये कंटाळले होते म्हणे. पण ठेक्यावर पावलं अशी पडत होती, की आमच्या शुक्रवारच्या मंडळींना मी ते दाखवायला हवं होतं. सगळ्यांत शेवटी हेर लुट्स, डोकी मोजत.

वाटेच्या शेवटी चार घरं लागली, आणि मी थबकलो. दाराला झेंडूच्या माळा! झेंडू म्हणजे आपला, दसऱ्याचा! अंगणात एका मेजावर कुणाकुणाच्या तसबिरी, फुलं, मेणबत्त्या. फ्राऊ हाइडेकरांनी विचारून सांगितलं, की आज-उद्या यांची गेलेली माणसं घरी जेवायला येतात. घरच्या बाईने आमच्या चिखलाकडे पाहिलं, आणि न विचारता पानं मांडली. मी हात जोडून म्हणणार होतो, की मला मका चालत नाही, एकादशी आहे. तर तिने समोर काय ठेवलं? उकडलेला कंद, तोच, साबुदाण्याचा. भाजलेली रताळी. शेंगदाणे. हिरवी मिरची. आणि गुळाच्या पाकातली राजगिऱ्याची वडी!

मी प्रभाकडे बघितलं. प्रभा पदर नसलेल्या जॅकेटने तोंड दाबून हसत होती. अख्खं एकादशीचं पान! आपण जे पवित्र, सात्त्विक, आपलं म्हणून पिढ्यान् पिढ्या खातो, ते सगळं यांच्या अंगणातलं निघालं. मी बॅगेतून उरलेला सगळा साबुदाणा काढला आणि त्या बाईच्या ओटीत घातला. तिने दाणे हातात खेळवले, कंदाकडे बोट करून काहीतरी बोलली.

“ती म्हणते, लेक फार दूर दिली होती वाटतं,” फ्राऊ हाइडेकर म्हणाल्या.

पाण्याचा आवाज तिथूनच येत होता. कड्यावरून पांढरा पडदा सुटलेला आणि त्याच्या मागे, दगडात, माणूस उभा राहील अशी वाट. आम्ही आत शिरलो. दिवा दगडावर ठेवला. फ्राऊ हाइडेकरांनी काडी ओढली. तुषाराने विझली. प्रभाने ओढली, विझली. मग गटातल्या इंजिनिअरांची चर्चा सुरू झाली: वारा कुठून, पाण्याचा कोन किती. मीही दोन मुद्दे मांडले. काड्या संपत आल्या आणि चर्चा रंगात आली.

तेव्हा हेर लुट्स पुढे आले. त्यांनी हातातल्या पिवळ्या छत्रीकडे एकदा पाहिलं, तिचा बंद सोडला, आणि ती उघडली. इतकी वर्षं गुंडाळलेली असावी, कापडाला घड्या पडलेल्या. ते दिव्याजवळ गुडघ्यावर बसले आणि छत्री धरली. दिवा लागला. लाल.

मग फ्राऊ हाइडेकर म्हणाल्या, “हेर खांबेटे, आता ते तुमचं म्हणा. शुक्रवारचं.”

इथे सीडी नव्हती. बुवा नव्हते. मी ओटोंच्या बुटांत उभा राहिलो. टाळ उचलला आणि नाम घेतलं. पाण्याने आवाज गिळला, मी पुन्हा घेतलं. सम आली, आणि सम गेल्यावर किंचित मागून आवाज आला. ठक्.

फ्राऊ हाइडेकरांची काठी दगडावर पडली होती. पुन्हा सम. पुन्हा, तेवढीच मागून, ठक्.

मी थांबलो. त्या म्हणाल्या, “थांबू नका. ओटो असंच वाजवायचा. पहिले दोन शुक्रवार तक्रार म्हणून. त्यानंतर तो शुक्रवारी आपली खुर्ची बरोबर तुमच्या हॉलच्या खाली ओढून बसायचा. मी एकदा म्हटलं, आवडतं तर ठोकतोस कशाला? तर म्हणाला, ‘नाही ठोकलं तर त्यांना वाटेल कुणी ऐकतच नाही.’”

मंडळी, मी पुढे काय म्हटलं ते मला आठवत नाही. प्रभा सांगते, चांगलं झालं म्हणून. सीडीपेक्षाही, असं ती म्हणाली. हे मात्र मला शब्दन् शब्द आठवतं.

आता फ्राऊ हाइडेकर शुक्रवारी वरच येतात. साबुदाण्याची खिचडी त्यांना आवडते, किटलीतली सोडून.

तर माझं मागणं एवढंच. तुम्ही जिथे असाल तिथे कीर्तनाला बसलात, नामघोष टिपेला गेला, सगळ्यांच्या टाळ्या समेवर एकदम पडल्या, की त्यातली तुमची एक टाळी मागे ठेवा. सम जाऊ द्या. शेजारचा रागाने बघेल, बघू द्या. मग किंचित मागून ती एक वाजवा, आणि खालच्या मजल्यावरच्या आमच्या ओटो हाइडेकरांची आठवण करा.